हॉब्सनचा घोडा

बदलीसाठी नागपूर किंवा रत्नागिरी, असे दोन पर्याय आले. दोन्ही नकोसे. मी अर्जात ऐटीत ठोकून दिले, 'ही तर हॉब्सन्स चॉइस!' साहेबांनी तांबडी खूण करून मला आत बोलावले.

"अहो, हॉब्सन कोण ठाऊक आहे?"

हा थॉमस हॉब्सन केंब्रिजचा. लंडनला टपाल नेई, विद्यार्थ्यांना घोडे भाड्याने देई. पोरे नेमका चांगलाच घोडा दामटवणार, म्हणून पाळी ठरलेली : दाराशी उभा असेल तो घ्या, नाहीतर पायी चालू लागा! १६३१ साली तो वारला, तेव्हा खुद्द मिल्टनने त्याच्यावर दोन कविता केल्या.

"तुमचं आहे ते इकडे आड, तिकडे विहीर. हॉब्सनकडे घोडा एकच!"

रात्री पानात दुधी. "दुसरं काय आहे?" "काही नाही." हॉब्सन्स चॉइस! आता कसे बिनचूक बसले!

मग आठवले, मॅट्रिकनंतर वडिलांनी टायपिंगची फी भरली. कॉलेजचे नाव मी काढले नाही, त्यांनीही नाही. त्यांच्या दाराशी तोच एक घोडा होता. त्यानेच मला इथवर आणले.

सकाळी मी मुकाट्याने रत्नागिरी लिहून दिले. निवडायला दोन गावे मिळाली, हे काय थोडे झाले?