काठी आणि सोबत

मराठीत ‘आंधळ्याची काठी’ म्हणजे एकुलता आधार, बहुधा अपत्य. श्रावणाच्या कथेतही अंध आहेत ते आईबाप. मूलच अंध असेल तर त्याच्या सोबतीला कोणी असावे, हा प्रश्न या वाक्प्रचाराच्या कक्षेत येत नाही. मार्गदर्शक श्वानांच्या इतिहासातही तो फार उशिरा आला, असे आम्हांस दिसते.

वस्तुतः अंधांच्या आधुनिक शिक्षणाचा आरंभ मुलांपासून झाला. १८२४ मध्ये लिपी सिद्ध करणारे लुई ब्रेल हे पॅरिसच्या अंधशाळेतील १५ वर्षांचे विद्यार्थी होते. श्वानांचा इतिहास मात्र सैनिकांपासून सुरू होतो. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या जर्मन सैनिकांसाठी गेरहार्ड श्टालिंग यांनी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग येथे पहिली प्रशिक्षणशाळा काढली. १९२९ मध्ये अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. १९३१ मध्ये इंग्लंडातील वॉलसी येथे पहिले ४ श्वान तयार झाले. हे सारे प्रौढांसाठी.

यामागे कारण होते. श्वानाला गाव ठाऊक नसते. वाटेचा नकाशा माणसाच्या मनात असावा लागतो. श्वान अडथळे टाळतो, पदपथाच्या कडेशी थांबतो आणि धोका दिसल्यास आज्ञा मोडतो. कोठे वळायचे, रस्ता केव्हा ओलांडायचा, हा निर्णय माणसाचाच. ही जबाबदारी लहान मुलावर कशी टाकावी?

पुढे कॅनडातील ‘मीरा’ या संस्थेने किशोरवयीन मुलांनाही मार्गदर्शक श्वान दिले. ब्रिटनमधील ‘गाइड डॉग्ज’ या संस्थेने एकविसाव्या शतकात निराळी वाट काढली. मार्गदर्शनाच्या कामास न जुळणारे काही श्वान तिने दृष्टिबाधित मुलांना सोबती म्हणून दिले. हा श्वान रस्ता दाखवीत नाही. मूल त्याला खाऊ घालते, विंचरते, त्याच्याशी खेळते.

या बदलाचे मोल आम्हांस येथे जाणवते. अंध मुलाकडे आपण नेहमी साहाय्य घेणारा म्हणून पाहिले. येथे प्रथमच कोणीतरी त्याच्यावर अवलंबून आहे. महाप्रस्थानातील श्वानही युधिष्ठिराला वाट दाखवीत नाही. तो मागून चालतो, आणि कसोटी लागते ती युधिष्ठिराच्या निष्ठेची. आधार घेणाऱ्यालाही कुणाचा आधार होण्याचा हक्क असतो, एवढे तरी आपल्या वाक्प्रचाराने या इतिहासाकडून शिकावे.