धुराचे निदान : मुंबईच्या गॅरेजांतील एका विद्येचा इतिहास

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील मोटारदुरुस्तीचा व्यवसाय प्रामुख्याने ज्या गाडीभोवती वाढला, ती वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, होय. तिचे 1089 घन सेंटीमीटरचे पेट्रोल इंजिन अनेक दशके फारसे बदलले नाही, त्यामुळे एकाच यंत्राची हजारो आजारपणे पाहिलेल्या मिस्त्रींची एक पिढी येथे तयार झाली. आणि वायू मोजणारी उपकरणे गॅरेजांत आलेली नव्हती त्या काळात तिचे निदान मुख्यतः सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराचा रंग, वास आणि वेळ यांवर चाले.

यांपैकी रंग कोणालाही दिसतो; खरे कसब वेळ ओळखण्यात होते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे एवढे शिकाऊ पोऱ्यालाही ठाऊक असे, पण ते ऑइल सिलिंडरमध्ये कोठून शिरते यावर ग्राहकाचा खर्च ठरत असे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळा लोट निघून लगेच थांबला, तर झडपांच्या दांड्यांभोवतीच्या सीलमधून ऑइल झिरपल्याचा संशय घेतला जाई. बोरघाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, कार्बोरेटरची झडप मिटलेली असते आणि आत निर्माण होणारी पोकळी झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल खेचून घेते; म्हणून उतार संपल्यावर पुन्हा वेग देताच धूर आला, तर दोष गाइडचा मानला जाई. चढणीवर जोर लावताना धूर सतत येत राहिला, तर मात्र पिस्टनच्या रिंगा गेल्या, असा निर्णय होई. खात्रीसाठी प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून सिलिंडरचा दाब पुन्हा मोजत: ऑइलमुळे रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजून दाब वाढला, तर दोष रिंगांचा, न वाढला तर झडपांचा किंवा हेड गॅस्केटचा. पहिल्या प्रकारात काम रिंगा बदलण्यापासून बोअर करण्यापर्यंत, म्हणजे झिजलेला सिलिंडर घासून मोठ्या मापाचा पिस्टन बसवण्यापर्यंत जाई, आणि टॅक्सीवाल्याच्या कित्येक दिवसांच्या कमाईचा प्रश्न या एका निर्णयावर अवलंबून असे.

काळ्या धुराचे कारण त्या मानाने सोपे, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, एवढेच असे: चोक अडकला, एअर फिल्टर तुंबला किंवा कार्बोरेटरची फ्लोट सुई गळू लागली, तर प्लगवर काजळी धरे. पांढऱ्या धुराबाबत सावधगिरी लागे, कारण थंड सकाळी निघणारी वाफ निरुपद्रवी असते. इंजिन तापल्यावरही ती थांबली नाही आणि रेडिएटरमधील पाणी कमी होऊ लागले, तरच हेड गॅस्केट फुटल्याचे मानत. रेडिएटरमध्ये साधे पाणीच घालण्याची रीत असताना आजच्या कूलंटचा गोडसर वास या निदानाला उपलब्ध नव्हता. ऑइलच्या झाकणाखाली जमलेला दुधाळ चिकटा हीच खूण मानली जाई. टू-स्ट्रोक रिक्षा आणि स्कूटर यांना हे नियम लागू पडत नसत, कारण त्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने थोडा निळा धूर निरोगी इंजिनातूनही निघे.

1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी या विद्येचे स्थान बदलले. निष्क्रिय अवस्थेतील, म्हणजे गाडी उभी असताना मंद फिरणाऱ्या, चारचाकी पेट्रोल इंजिनाच्या उत्सर्गात कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांहून अधिक नसावा, तर डिझेलचा धूर 65 हार्ट्रिज एककांपर्यंतच असावा, असे ठरले; हार्ट्रिज हे धुराआड किती प्रकाश अडतो ते सांगणारे माप आहे. पुढे पीयूसी प्रमाणपत्र सक्तीचे झाले आणि धूर आजाराचे लक्षण न राहता गुन्हा ठरला. शहरासाठी हे आवश्यकच होते, आणि धुराने त्रस्त रहिवाशांच्या 1999 मधील याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जुन्या टॅक्सी स्वच्छ इंधनावर आणण्याचे जे आदेश दिले, त्यांचे मोल मोठे आहे. परंतु पीयूसीचा आकडा प्रमाण सांगतो, कारण सांगत नाही. मर्यादेपुरता आकडा यावा म्हणून कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून हवा-पेट्रोलचे मिश्रण तात्पुरते पातळ करता येते आणि झिजलेल्या रिंगा मात्र तशाच राहतात.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांनंतर डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी बसते आणि दोष शोधण्याचे पहिले काम संगणकाला जोडलेला स्कॅनर करतो. सेन्सरने नोंदवलेला बिघाड स्कॅनर अचूक दाखवतो, पण व्हॉल्व्ह गाइडमधून झिरपणारे ऑइल मोजणारा सेन्सर साध्या मोटारींत नसतो. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. ते इंजिन हाताळलेले मिस्त्री आज वृद्ध आहेत आणि त्यांच्या या ज्ञानाची नोंद तंत्रनिकेतनांनी व आयटीआयनी त्यांच्या हयातीतच करून ठेवली पाहिजे.