अंजदीव : आडोशाच्या पाण्याचा इतिहास

गोमंतकाचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष स्वाभाविकपणेच मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मुखांकडे जाते. राजधान्या तेथे झाल्या, गलबते तेथे लागली, तहनामे तेथे झाले. परंतु गोव्याचा एक लहानसा तुकडा या दोन्ही नद्यांपासून दूर, दक्षिणेस, कारवारच्या किनाऱ्यासमोर समुद्रात पडलेला आहे. राज्यकारभाराच्या दृष्टीने तो काणकोण तालुक्यातला. पण त्याच्या समोरची भूमी मात्र कर्नाटकाची. हे बेट म्हणजे अंजदीव. क्षेत्रफळ अवघे दीड चौरस किलोमीटरच्या आसपास. तथापि या एवढ्याशा खडकासाठी पाच शतकांत जेवढ्या सत्ता झगडल्या, तेवढ्या पुष्कळ मोठ्या किल्ल्यांसाठीही झगडल्या नसतील.

याचे कारण बेटाच्या रचनेतच आहे. त्याची पश्चिमेची बाजू खडकाळ आणि उभी; पावसाळ्यातील समुद्राचा सारा मारा ती अंगावर घेते. पूर्वेची बाजू किनाऱ्याकडे तोंड करून असून, बेट आणि किनारा यांच्या मधले पाणी आपोआप आडोशाचे झाले आहे. शिवाय बेटावर गोडे पाणी होते. शिडाच्या जहाजांच्या काळात आडोसा, गोडे पाणी आणि किनाऱ्यापासून सुरक्षित अंतर या तीन गोष्टी एकत्र लाभणे दुर्मीळ होते. येथे पोहोचण्यास होडीवाचून दुसरा मार्ग नव्हता. आणि हाच दुर्गमपणा आश्रयार्थ्यांना हवासा वाटे.

चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात इब्न बतूता गोव्याहून दक्षिणेकडे जात असता किनाऱ्यालगतच्या एका लहान बेटाशी थांबला. तेथे एक देऊळ, बाग आणि तळे होते. देवळाच्या भिंतीस टेकून एक जोगी बसलेला होता. तो काही बोलला नाही. त्याने पाहुण्यास नारळ दिला, आणि पाहुण्याने पुढे केलेले नाणे मात्र घेतले नाही. हे बेट अंजदीवच असावे, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. अंकोल्याची आर्यादुर्गा ही मूळची अंजदीवची देवी, अशी परंपरा त्या भागात आजही सांगितली जाते. बेटाचे नाव देवीवरून पडले, की पाच बेटांच्या समूहावरून, याविषयी मतभेद आहेत. पण युद्धांच्या आधी येथे देवस्थान होते, एवढे निश्चित.

१४९८ च्या सप्टेंबरअखेर वास्को द गामाचा काफिला परतीच्या प्रवासाआधी येथे आला. जहाजे उलथून त्यांचे तळ साफ करावयाचे, पाणी भरावयाचे, हा त्याचा हेतू. त्या सफरीच्या दैनंदिनीत दगडी बांधणीच्या एका भग्न देवालयाचे वर्णन आहे. त्याचा एक भाग गवताने शाकारलेला होता आणि आत तीन काळ्या शिळांची पूजा होत असे. जवळच तळे होते, आणि बेटाच्या माथ्यावर चार वाव खोलीचे दुसरे. याच मुक्कामात गोव्याच्या अधिपतीच्या चाकरीतील एक यहुदी गृहस्थ मैत्रीच्या मिषाने जहाजावर आला. त्याला हेर म्हणून पकडण्यात आले आणि यातना देऊन बोलते करण्यात आले. पुढे पोर्तुगालमध्ये त्याचा बाप्तिस्मा होऊन तो गास्पार द गामा झाला. येथून पुढे या पाण्यात जो कोणी आला, तो शस्त्र घेऊन आला.

१५०५ च्या सप्टेंबरात फ्रांसिस्कु द आल्मेदाने येथे किल्ला बांधण्यास आरंभ केला. पुढल्याच वर्षी विजापूरच्या आदिलशाहीच्या आरमाराने त्याला वेढा घातला. किल्ला पडला नाही. पण पावसाळ्यात बाहेरून मदत येणे अशक्य असल्यामुळे हे ठाणे राखणे परवडणार नाही, हे पोर्तुगीजांच्या ध्यानी आले. त्यांनी आपल्याच हातांनी तो पाडून टाकला. जो आडोसा पाहुण्याला सुखाचा, तोच रहिवाशाला कोंडवाडा होतो, हा अंजदीवचा पहिला धडा. १५१० मध्ये हाती आलेले गोवे सोडावे लागले, तेव्हा आल्बुकेर्कही पावसाळा सरताना याच बेटाशी येऊन थांबला. किल्ला नसला तरी पाणी होतेच.

दुसरा धडा इंग्रजांनी घेतला, आणि तो फार महाग पडला. १६६१ च्या विवाह-तहान्वये मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजास मिळावयाचे होते. ते ताब्यात घेण्यासाठी सर एब्राहम शिपमन हा नियोजित गव्हर्नर चारशेवर सैनिकांसह १६६२ मध्ये आला. परंतु पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु ई काश्त्रू याने मुंबई देण्याचे नाकारले. सुरतेच्या इंग्रज वखारीने मोगल अधिकाऱ्यांच्या रोषाच्या भीतीने या सैन्यास थारा दिला नाही. उभे राहावयास जमीन नाही अशा स्थितीत शिपमनने आपले लोक अंजदीववर उतरविले. तेथे ना छप्पर पुरेसे, ना अन्न, ना औषध. रोगराईने माणसे गळू लागली. १६६४ च्या एप्रिलात स्वतः शिपमन वारला. १६६५ च्या फेब्रुवारीत हंफ्रे कुक याने मुंबई ताब्यात घेतली, तेव्हा मूळच्या फौजेपैकी शंभराच्या आसपासच माणसे उरली होती. तीन वर्षांनी राजाने तीच मुंबई ईस्ट इंडिया कंपनीस वार्षिक दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. आधुनिक मुंबईचा आरंभ सांगताना आपण त्या दहा पौंडांचा उल्लेख आवडीने करतो. अंजदीवच्या मातीत गेलेल्या त्या शेकडो अनाम शिपायांचा मात्र करीत नाही.

मराठ्यांचाही या पाण्याशी संबंध आला. १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी फोंड्यापाठोपाठ कारवार-अंकोल्याचा प्रदेश घेतला आणि मराठी सरहद्द अंजदीवच्या समोर येऊन भिडली. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी बेटावर तटबंदी करून तेथे आरमारी ठाणे वसविण्याचा बेत केला. तसे झाले असते तर गोव्याची दक्षिणेकडील जलवाहतूक मराठ्यांच्या नजरेखाली आली असती. व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने हे ओळखले, घाईने माणसे पाठवून बेट अडविले आणि त्याच वर्षी नवा किल्ला उभारण्यास घेतला. पुढील वर्षी फोंड्याचा वेढा आणि जुव्यावरील हल्ला यांनी गोवे हादरले. त्या संग्रामाच्या कारणांमध्ये अंजदीवच्या या चढाओढीचीही गणना करावयास हवी.

त्यानंतर बेटावर किल्ला, शिबंदी आणि नोसा सेन्योरा दश ब्रोताश हिचे चर्च, अशी लहानशी वसाहत नांदली. अठराव्या शतकात घाटावरील युद्धांतून पळालेल्या हिंदू आणि ख्रिस्ती कुटुंबांनी येथे आश्रय घेतला. कैद्यांनाही येथे पाठवीत. दर २ फेब्रुवारीस चर्चचे फेस्त भरे आणि कारवारकडील भाविक होड्यांनी येत. युद्धांच्या या बंदरातील शांततेचा प्रवाह तो हाच.

अखेरचे रण १९६१ चे. त्या नोव्हेंबरात बेटावरील पोर्तुगीज शिबंदीने जवळून जाणाऱ्या साबरमती या भारतीय जहाजावर गोळीबार केला. १८ डिसेंबर १९६१ रोजी त्रिशूल आणि म्हैसूर या युद्धनौका अंजदीवसमोर उभ्या राहिल्या आणि नौसैनिकांची तुकडी होड्यांतून किनाऱ्याकडे निघाली. बेटावर शरणागतीचे पांढरे निशाण दिसले असता पुढे तटावरून गोळीबार झाला, असे भारतीय नौदलाचा वृत्तांत सांगतो. सात नौसैनिक कामी आले. जहाजांवरील तोफांच्या भडिमारानंतर दुसऱ्या दिवशी बेट पूर्णपणे हाती आले. एक पोर्तुगीज शिपाई पोहत किनाऱ्याला लागला आणि २२ डिसेंबरास पकडला गेला. सारे गोवे तोवर मुक्त झाले होते. वास्को येथील नौदलाच्या गोमंतक तळावर त्या सात वीरांचे स्मारक आहे.

आडोशाच्या पाण्याची ओढ मात्र संपली नाही. २४ ऑक्टोबर १९८६ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते कारवारच्या नौदल तळाची कोनशिला बसली आणि ३१ मे २००५ रोजी कदंब हा तळ कार्यान्वित झाला. अंजदीव आता त्या तळाच्या कक्षेत आहे. या तळासाठी किनाऱ्यावरील अनेक गावांतील कोळी-शेतकरी कुटुंबांना घरे आणि समुद्र दोन्ही सोडावे लागले. बेटावर नागरी वस्ती उरलेली नाही, आणि होडी करून सहज जाऊन यावे, अशी स्थितीही नाही.

देशाच्या संरक्षणाची गरज कोणी नाकारू नये. वास्को द गामापासूनचा सारा इतिहासच त्या गरजेची साक्ष देतो. परंतु चर्चच्या भिंती, किल्ल्याचा तट, तळी आणि नामशेष झालेल्या देवळाच्या खुणा यांची मोजमापे व छायाचित्रे नौदलाच्याच साहाय्याने घेऊन ती प्रसिद्ध करण्यात संरक्षणाला बाध येण्याचे कारण नाही. पावसाळा दरवर्षी येतो आणि जुन्या भिंती कोणाची परवानगी मागत नाहीत. हे काम गोव्याचे आहे, कारवारचे आहे. आणि शिपमनची माणसे तेथे निजलेली असल्यामुळे मुंबईचेही आहे.