फिरंग रोग : एका जुन्या धास्तीचा इतिहास

बाहेर संबंध आला, आता आपल्याला काही झालं असेल का, आणि घरी बायकोला काय सांगायचं? ही धास्ती आजची नाही.

सोळाव्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त ‘फिरंग रोगा’चं वर्णन केलं. फिरंगी म्हणजे युरोपातून आलेले लोक, त्यांच्यासोबत आलेला रोग तो फिरंग. आपल्याकडे लोक त्याला गरमी म्हणत. औषध काय, तर पारा नाहीतर चोपचिनी. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ऑर्ता या वैद्याने 1563 साली तिथेच छापलेल्या ग्रंथात चोपचिनीवर लिहिलं आहे.

हा रोग फसवा आहे. साधारण तीन आठवड्यांनी व्रण उठतो, बहुधा दुखत नाही, आणि आपोआप भरतो. माणसाला वाटतं, सुटलो! पण रोग आतच राहतो. बायकोला आणि तिच्या पोटातल्या बाळालाही होऊ शकतो. तिची तर यात काहीच चूक नसते.

शंका तपासायला 1906 साली वासरमन चाचणी आली, 1910 मध्ये साल्वर्सान बाजारात आलं, आणि 1943 पासून पेनिसिलीनने हा रोग बरा होऊ लागला.

म्हणून आज अंगावर काढायचं कारण नाही. सरकारी रुग्णालयात तपासणी होते. फार लवकर केलेल्या चाचणीत रोग दिसत नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करा. तोवर घरी संबंध टाळा. रोग निघालाच तर जोडीदाराला सांगा, कारण तपासणी आणि उपचार दोघांचेही व्हायला हवेत.