मोंटाना दक्षता समिती

मोंटाना दक्षता समिती ही अमेरिकेतील आजच्या मोंटाना राज्यातील व्हर्जिनिया सिटी, नेवाडा सिटी व बॅनॅक या सोन्याच्या खाणींच्या वसाहतींत डिसेंबर १८६३ मध्ये स्थापन झालेली गुप्त संघटना होती. वाटमाऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी तिने कायदा हाती घेतला आणि जानेवारी १८६४ च्या आरंभापासून महिन्याभरात सुमारे वीस जणांना ठार केले. त्यांपैकी बहुतेकांना फाशी देण्यात आली. बॅनॅकचा निर्वाचित शेरीफ हेन्री प्लमर हा त्यांपैकीच एक. तो खरोखर दरोडेखोरांचा म्होरक्या होता काय, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही.

पार्श्वभूमी

जुलै १८६२ मध्ये ग्रासहॉपर ओढ्यात सोने सापडले आणि तेथे बॅनॅक वसले. मे १८६३ मध्ये सुमारे सत्तर मैलांवरील ऑल्डर गल्च या घळीत त्याहून मोठा साठा मिळाला. वर्षभरात तेथील लोकसंख्या दहा हजारांच्या घरात गेली. हा मुलूख तेव्हा आयडाहो प्रदेशात मोडत असे. परंतु त्याची राजधानी ल्युइस्टन पर्वतरांगांच्या पलीकडे होती आणि केंद्र सरकार यादवी युद्धात गुंतलेले होते. खाणकामगार आपले न्यायाधीश व शेरीफ स्वतःच निवडत. खाणींच्या जागांचे तंटे सोडवण्यास ही व्यवस्था पुरेशी होती, खुनाच्या तपासास नव्हती. सोन्याची पूड हेच चलन असल्याने ती बाळगून प्रवास करणारा माणूस एकाकी रस्त्यावर सहज सावज ठरे.

आइव्झ खटला

डिसेंबर १८६३ मध्ये निकोलस टीबोल्ट या तरुणाचे प्रेत सापडले. तो मालकाची खेचरे आणण्यास गेला होता. या खुनासाठी जॉर्ज आइव्झ याच्यावर नेवाडा सिटीत उघड्यावर, शेकडो खाणकामगारांसमक्ष तीन दिवस खटला चालला. आरोपीच्या बाजूने वकील होते, साक्षी झाल्या आणि चोवीस पंचांपैकी एकाने दोषारोप मान्य केला नाही. २१ डिसेंबर रोजी आइव्झला फाशी झाली. विल्बर सँडर्स याने फिर्यादीची बाजू मांडली. हाच पुढे मोंटानाचा सिनेटर झाला. या खटल्यात उणिवा असतील, तरी तो सर्वांदेखत झाला. त्यानंतरच्या फाशींबाबत तेवढेही म्हणता येत नाही.

समितीच्या फाशी

दोनच दिवसांनी समिती स्थापन झाली. पॅरिस फाउट्स तिचा अध्यक्ष, तर जेम्स विल्यम्स हा कार्यकारी प्रमुख होता. ४ जानेवारी १८६४ रोजी रेड यीगर याला फाशी देण्यापूर्वी त्याने टोळीतील माणसांची नावे सांगितली व प्लमरला प्रमुख म्हटले, असे समितीचे म्हणणे होते. हा जबाब कोणत्याही न्यायालयात तपासला गेला नाही. १० जानेवारी रोजी प्लमर व त्याचे दोन दुय्यम अधिकारी, बक स्टिन्सन आणि नेड रे, यांना बॅनॅकमध्ये फाशी देण्यात आली. तो वधस्तंभ प्लमरनेच शेरीफ या नात्याने उभारलेला होता. दुसऱ्या दिवशी जोसेफ पिझांथिया या मेक्सिकन माणसाच्या झोपडीवर तोफ डागून त्याला ठार केले गेले व प्रेत जाळण्यात आले. १४ जानेवारी रोजी व्हर्जिनिया सिटीत एकाच तुळईला पाच जण लटकवले गेले.

येथवर निदान खून व लूट यांचा आरोप तरी होता. मार्चमध्ये फाशी दिलेला जॅक स्लेड याच्यावर मात्र या प्रदेशात खुनाचा आरोपच नव्हता. दारू पिऊन धुमाकूळ घालणे व समितीच्या इशाऱ्यांना न जुमानणे हा त्याचा अपराध.

न्यायालयांनंतर

मे १८६४ मध्ये मोंटाना हा स्वतंत्र प्रदेश झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस मुख्य न्यायाधीश हेझेकाया हॉस्मर यांनी समितीच्या गतकार्याची प्रशंसा केली. यापुढे मात्र असे कृत्य गुन्हाच ठरेल, हेही त्यांनी बजावले. तरी फाशी थांबल्या नाहीत. १८६६ मध्ये जेम्स डॅनियल्स याला प्रभारी गव्हर्नर थॉमस मेहर यांनी शिक्षेतून सवलत दिली. तो कागद खिशात असतानाच हेलेना येथे त्याला झाडाला लटकवण्यात आले. पुढे ‘३-७-७७’ हे आकडे इशारा म्हणून लिहिले जाऊ लागले. त्यांचा अर्थ अनिश्चित आहे. १९१७ मध्ये ब्यूट येथे झुंडीने मारलेल्या कामगारनेता फ्रँक लिटल याच्या प्रेतावरील चिठ्ठीत ते आकडे होते. मोंटाना महामार्ग पोलिसांच्या बोधचिन्हावर ते आजही आहेत.

प्लमरविषयीचा वाद

प्रचलित हकिगत मुख्यतः दोन पुस्तकांतून आली आहे. व्हर्जिनिया सिटीत शिक्षक व संपादक असलेल्या थॉमस डिम्सडेल याचे पुस्तक १८६६ मध्ये, तर नथॅनिएल लँगफर्ड याचे १८९० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिला समितीचा उघड समर्थक, तर दुसरा तिच्याच गोटातला. डिम्सडेलने टोळीच्या बळींची संख्या १०२ दिली आहे. नावानिशी नोंद सापडणारे बळी फारच थोडे आहेत. प्लमर निष्कलंक नव्हता, हे खरे: कॅलिफोर्नियात मार्शल असताना त्याने एकाला ठार केले होते व तुरुंगवासही भोगला होता. परंतु त्यावरून तो टोळीप्रमुख ठरत नाही. १९८७ मध्ये मेदर व बॉसवेल यांनी तो निर्दोष असल्याची बाजू मांडली. १९९३ मध्ये व्हर्जिनिया सिटीत त्याच्यावर प्रतीकात्मक मरणोत्तर खटला भरला. बारा पंचांपैकी सहांनी त्याला दोषी, सहांनी निर्दोष ठरवले आणि खटला निकालाविना संपला.