आडात आले ते पोहऱ्यात

‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ अशी आपल्याकडे म्हण आहे. वाचकहो, आज मी तुम्हांला जी हकीगत सांगणार आहे, तीत या म्हणीची दुसरी बाजू दिसते. आडात जे झिरपले तेच पोहऱ्यात आले, पोहऱ्यातून घरोघरी गेले, आणि तीसएक वर्षे पिणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

ही हकीगत अमेरिकेतली आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यात, अटलांटिक समुद्राच्या काठी, मरीन दलाची एक अफाट छावणी आहे. तिची उभारणी 1941 साली सुरू झाली. पुढे या दलाचे माजी सेनापती जनरल जॉन लेजून यांचे नाव तिला मिळाले. तीच कॅम्प लेजून. छावणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कवायत आणि बंदुका येतात. पण ही छावणी म्हणजे एक गावच होते म्हणा ना! सैनिकांची बिऱ्हाडे, शाळा, दवाखाने, दुकाने, सारे काही तिथे होते. या गावाला पाणी मिळे ते छावणीतल्याच विहिरींचे. अनेक विहिरींचे पाणी एका ठिकाणी आणायचे, शुद्ध करायचे आणि नळांना सोडायचे, अशी व्यवस्था होती.

आता जमिनीवर काय चालले होते ते पाहू. छावणीच्या कारखानदारी भागात वाहने आणि यंत्रे दुरुस्त होत. लोखंडावरचे ग्रीस काढायला ट्रायक्लोरोएथिलीन नावाचे द्रावक वापरीत. वापरून झालेले द्रावक जमिनीत मुरे. जमिनीखालच्या टाक्यांतून इंधन गळे, आणि त्याबरोबर बेंझीन मातीत उतरे. दुसरीकडे, छावणीच्या हद्दीबाहेर 1953 साली कपडे धुण्याचे एक ड्राय क्लीनिंगचे दुकान निघाले. तिथे टेट्राक्लोरोएथिलीन हे त्याचेच भावंड वापरले जाई, आणि त्याचे सांडपाणी सेप्टिक टाकीत जाई. जवळच टरावा टेरेस या सैनिकी वसाहतीची विहीर होती.

ही द्रावके मोठी चमत्कारिक. हवेत उघडी ठेवली तर भुर्रकन उडून जातात. म्हणून जमिनीवर ओतणाऱ्याला वाटते, झाले, संपले! पण ती पाण्याहून जड असतात. रेताड जमिनीतून खाली उतरतात, भूजलात बसतात आणि थोडी थोडी विरघळत वर्षानुवर्षे राहतात. जंतू मारायला पाण्यात क्लोरीन घालतात, त्याने यांचे काहीच बिघडत नाही.

मग हे उघडकीस आले कसे? गंमत अशी की शोध चालला होता भलत्याच गोष्टीचा. क्लोरीनमुळे पाण्यात जी काही उपद्रवी द्रव्ये तयार होतात, त्यांवर 1979 साली नवा नियम झाला. त्यासाठी 1980 साली लेजूनचे पाणी लष्कराच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या तपासनिसाला मोजणीत भलताच अडथळा दिसू लागला. 1981 साली त्याने अहवालावर स्वतःच्या हाताने शेरा मारला की या पाण्यात द्रावकांचे मोठे प्रदूषण आहे. 1982 साली एका खाजगी प्रयोगशाळेने त्या द्रावकांची नावेही सांगितली. त्या वर्षी मे महिन्यात हॅडनॉट पॉइंट भागाच्या नळाच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन आढळले ते अब्जात 1,400 भाग. आज अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे अब्जात 5 भाग.

तरीही विहिरी चालूच राहिल्या. एकेका विहिरीची तपासणी होऊन सर्वांत दूषित विहिरी बंद होईपर्यंत 1985 चा फेब्रुवारी उजाडला. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस टरावा टेरेसच्या रहिवाशांना पत्र गेले, त्यात काही रसायने ‘अल्प प्रमाणात’ सापडल्याचे म्हटले होते. द्रावकांवर तेव्हा कायद्याची बंधनकारक मर्यादा नव्हती, असा बचाव पुढे करण्यात आला. ते खरेही आहे. पण पाण्यात काय आहे हे कळल्यावर ते पिणाऱ्याला सांगायला कायदा कशाला लागतो, हा प्रश्न उरतोच.

मी इतिहासाचा अध्यापक. मला या प्रकरणातला पुढचा भाग विशेष मोलाचा वाटतो. 1980 च्या आधीच्या पाण्याची तपासणी झालेलीच नव्हती. मग 1957 सालच्या नळात काय होते, हे कोण सांगणार? शिवाय विहिरी आळीपाळीने चालत, त्यामुळे आजचे पाणी वाईट तर उद्याचे बरे, असाही प्रकार होता. अमेरिकी सरकारच्या विषारी द्रव्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेने हे काम हाती घेतले. कोणती विहीर केव्हा खणली, किती उपसली, जमिनीचे थर कसे, पाणी कोणत्या वेगाने सरकते, हे सारे कागद जमवून गणिताने मागे मागे जात तिने नळाचा इतिहास लिहिला. 2007 साली टरावा टेरेसचा निष्कर्ष आला: 1957 च्या नोव्हेंबरपासून 1987 च्या फेब्रुवारीपर्यंत तिथल्या पाण्यात ते द्रावक मर्यादेहून अधिक होते. म्हणजे 1953 साली ओतलेले चारएक वर्षांनी पेल्यात आले! दहा लाखांपर्यंत माणसांनी त्या काळात लेजूनचे दूषित पाणी वापरले असावे, असा अंदाज आहे.

हे कागद कुणासाठी लागले? जेरी एन्समिंगर हे मरीन दलातले जुने सैनिक. त्यांची मुलगी जेनी 1985 साली रक्ताच्या कर्करोगाने गेली. तेव्हा ती 9 वर्षांची होती. पाण्याची बातमी या बापाला दूरचित्रवाणीवर कळली ती 1997 साली, बारा वर्षांनी! तेव्हापासून त्यांनी जुनी दप्तरे धुंडाळली आणि काँग्रेससमोर साक्षी दिल्या. ‘सदैव निष्ठावान’ हे त्यांच्या दलाचे ब्रीद. ते त्यांनी दलालाच विचारले.

वाट सोपी नव्हती. कर्करोग यायला कधी कधी वीस-तीस वर्षेही लागतात. पण नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यात दहा वर्षांनंतर दावाच लावता येत नसे. 2016 साली लेजूनचे दावे संघीय न्यायालयात फेटाळले गेले. शेवटी कायदाच बदलावा लागला. 2012 साली उपचारांचा कायदा झाला आणि त्याच्या एका भागाला जेनीचे नाव मिळाले. 2017 साली आठ आजारांसाठी माजी सैनिकांना भरपाई लागू झाली. 10 ऑगस्ट 2022 रोजी दाव्यांचे दार उघडले, तेही दोन वर्षांपुरते.

विज्ञानाचे काम त्याच सुमारास चालू होते. कॅलिफोर्नियातल्या पेंडलटन छावणीतल्या मरीनांशी तुलना करता, लेजूनच्या माजी सैनिकांत कंपवाताचा धोका 70 टक्के अधिक असल्याचे 2023 साली प्रसिद्ध झाले. अर्थात एकट्या माणसाचा आजार पाण्यानेच झाला, हे अशा आकड्यांवरून सिद्ध होत नाही. समूहाचे मात्र कळते; आणि तेही केव्हा, तर कोण कुठे, केव्हा आणि किती दिवस राहिला याची नोंद कुणीतरी ठेवलेली असली तर.

इतिहास म्हणजे राजांच्या लढाया, असे अजूनही पुष्कळांना वाटते. पण विहिरीची खोली, पंपाचे तास, प्रयोगशाळेतल्या माणसाने समासात लिहिलेली एक ओळ, यांतूनही इतिहास घडतो. आणि त्यातून कुणाच्या तरी घरी औषधाचे पैसे पोहोचतात. तुमच्या गावच्या नळयोजनेचे दप्तर कुठे आहे, पाणी शेवटचे केव्हा तपासले आणि त्यात काय निघाले, हे एकदा विचारून पाहा. तो अधिकार तुमचाच आहे.