अंगावर पाजताना गजकर्णाचं मलम चालतं का? आधी ट्यूबवरचं नाव बघा

पावसाळ्यात जांघेत, काखेत, स्तनाखाली ओल राहते आणि गजकर्ण उठतं. बाळ अंगावर पीत असेल तर घरातून सल्ला येतो, 'मलम लावू नको' किंवा 'दूध तोड'. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते.

क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल ही साधी बुरशीची मलमं कातडीवर लावली तर रक्तात अगदी नगण्य उतरतात. दुधातून बाळाला त्रास होईल इतकं औषध जात नाही. मात्र डाग गेला म्हणून लगेच थांबू नये, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करावेत. अर्धवट सोडलेलं गजकर्ण परत येतं.

खरा धोका वेगळाच आहे. मेडिकलमध्ये 'खाजेचं मलम द्या' म्हटलं की अनेकदा मिश्र मलम हातात पडतं. त्यात बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ते लय भारी वाटतं. पण आतून बुरशी पसरत राहते आणि कातडी पातळ होते. स्तनावर लावलं तर ते बाळाच्या तोंडातही जातं. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी नाव असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. नाव इंग्रजीत असतं. वाचता येत नसेल तर 'यात स्टिरॉइड आहे का?' एवढं दुकानदाराला विचारावं. शेजारणीची उरलेली ट्यूब तर नकोच.

स्तनाग्रालाच बुरशी झाली तर पाजताना आणि नंतरही आग होते, टोचल्यासारखं दुखतं. बाळाच्या जिभेवर, गालाच्या आत पांढरे चट्टे दिसतात, पुसले तरी सहज निघत नाहीत. अशा वेळी आई आणि बाळ दोघांनाही एकदमच औषध लागतं, नाहीतर एकाचं दुसऱ्याला होत राहतं. मलम पाजून झाल्यावर पातळ लावावं. पुढच्या वेळी पाजण्याआधी वर राहिलेलं मलम ओल्या मऊ कापडाने पुसावं. टर्बिनाफिन अंगावर इतरत्र चालतं, स्तनावर नको. बाळाच्या तोंडात लावायचं जेल डॉक्टरांनी दिलेलंच वापरावं. चार महिन्यांखालच्या बाळाच्या घशात घट्ट जेल अडकू शकतं.

टॉवेल वेगळा ठेवावा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. स्तन लाल, गरम, कडक झाला आणि ताप आला तर ते बहुधा बुरशीचं दुखणं नाही. मलम लावत न बसता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं.